काम झाल्यावर संगणक मालवावा का?

(तृतीय वर्ष, कला)

घरचा संगणक काम नसताना बंद करावा की चालूच ठेवावा? हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. देशापुढे आणि आपल्या तालुक्यापुढे याहून कितीतरी मोठे प्रश्न उभे आहेत, हे मलाही कळते. पण ज्या प्रश्नावरून घरात आई आणि दादा यांच्यात दोन-दोन दिवस अबोला राहतो आणि ज्याच्या चुकीच्या उत्तरापायी पाड्यावरच्या एका मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती जाते, तो प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नसावा. म्हणूनच तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

२०२० साली शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण एकाएकी पडद्यावर आले. तेव्हा नाशिकला नोकरी करणाऱ्या माझ्या दादाने एक जुना संगणक विकत घेतला आणि पोशेऱ्याला आणून ठेवला. तेव्हापासून ते यंत्र आमच्या एका घराचे राहिलेले नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, परीक्षेचे प्रवेशपत्र, काही ना काही काम घेऊन कुणीतरी दारात येते. मोखाड्याला किंवा जव्हारला जायचे म्हणजे गाडीभाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडते. ती वाचली तर कुणाला नको आहे?

या यंत्रावरून घरात दोन पक्ष पडले. आईचा पक्ष सरळ होता. खोलीत माणूस नसेल तर दिवा कशाला, आणि समोर माणूस नसेल तर यंत्र कशाला? मी चहा प्यायला उठले तरी तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे जाई. दादाचा पक्ष नेमका उलटा. तो सुट्टीला आला की म्हणे, "आई, सारखं चालू-बंद करू नकोस गं त्याला. त्यानंच यंत्र लवकर जातं. आमच्या कंपनीतले संगणक रात्रंदिवस चालू असतात, कुणी हात लावत नाही."

आई म्हणे, "कंपनीचं बिल कंपनी भरते. इथलं कोण भरतं?"

दोघांच्या मध्ये मी सापडले होते. दादा यंत्राचा जाणकार आणि आई घराची. कुणाचे ऐकावे? शेवटी मी ठरवले की, बोलणारा कोण हे न पाहता जे बोलले गेले तेच तपासून पाहावे.

दादाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्यामागे एक इतिहास आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'एनिॲक' नावाचे अवाढव्य गणकयंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॉट वीज घेत असे. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत, तीच ही जात. नळीतली तार चालू करताना तापे, बंद करताना निवे. तापणे आणि निवणे म्हणजे प्रसरण आणि आकुंचन, आणि त्या ओढाताणीतच नळ्या जास्त करून निकामी होत. पिवळा बल्ब जळायचा असला की बहुधा बटण दाबताक्षणीच जळे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. तोच प्रकार १८,००० वेळा मनात आणावा. तेव्हा एनिॲकच्या चालकांनी यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरवले, यात त्यांचे काय चुकले? आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेले आणि १९६० साली कामाला लागलेले 'टिफ्रॅक' हे गणकयंत्रही नळ्यांचेच होते. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे हे नामकरण केले.

पुढे नळ्या गेल्या आणि ट्रान्झिस्टर आले. मग नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर मावू लागले. तापणारी तार उरली नाही, पण तारेच्या काळातला सल्ला मात्र उरला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना, तसे झाले.

पडद्याचीही हीच कथा. पूर्वीच्या काचेच्या फुगीर मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे. म्हणून पडद्यावर मासे, नळ, चांदण्या फिरवणारे 'स्क्रीनसेव्हर' निघाले. आजच्या सपाट एलसीडी पडद्याला त्या रक्षणाची गरज नाही. तरी कित्येक घरांत माणसे निवांत झोपलेली असतात आणि मासे पडद्यावर पोहत असतात. त्यात वाचत काहीच नाही, उलट पडदा उगाच जागा राहतो.

दादाच्या म्हणण्यात एक अंश मात्र आजही खरा आहे. ज्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असते, तिला दर वेळी थांबून पुन्हा वेग घेताना थोडी झीज सोसावी लागते. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी ती तबकडी आहे. पण ही झीज किती? अशा डिस्कसाठी चालू-बंदची मर्यादा साधारण ५०,००० वेळांची धरली जाते. दिवसातून चार वेळा बंद करून चार वेळा चालू केले तरी हिशेब ३४ वर्षांचा होतो. तेवढ्या काळात यंत्रच काय, आमच्या घराची कौलेसुद्धा बदलून होतील. नव्या एसएसडी प्रकारच्या साठवणीत तर फिरणारा भागच नसतो.

उलट, सतत चालू राहण्याचीही झीज असते, तिच्याकडे दादाचे लक्ष नव्हते. आतला पंखा फिरत राहतो आणि फिरता फिरता धूळ ओढून घेतो. संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत कपॅसिटर असतात. उष्णता १० अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

राहता राहिले कंपनीचे उदाहरण. कंपनीतले संगणक रात्री चालू असतात, कारण त्यांना रात्रीही काम असते. कुठली नोंद घ्यायची, कुठली प्रत काढायची, कुणाला तरी उत्तर द्यायचे. त्यांच्यासाठी थंड खोली असते, वीज गेली तर जनरेटर असतो, देखरेखीला माणूस असतो. कंपनीचा संगणक रात्रपाळी करतो. आमचा मात्र पाळी संपल्यावरही हजेरी लावून नुसता बसून राहतो. दोघांना एक नियम कसा लागू होईल?

आता आईच्या बाजूचा हिशेब पाहू. मॉनिटर बंद करून नुसते सीपीयूचे खोके चालू ठेवले, तर काही काम नसतानाही ते साधारण ६० वॉट वीज घेते. कुठले जास्त घेईल, कुठले कमी. दिवसाला चार तास काम आणि वीस तास रिकामपण धरले, तर त्या रिकामपणाची वीज दिवसाला १.२ युनिट, म्हणजे महिन्याला ३६ युनिट होते. ९ वॉटचे सहा-सात एलईडी दिवे रिकाम्या खोलीत दिवसाचे वीस तास जळत ठेवावेत, तसा हा प्रकार झाला. महाराष्ट्रात घरगुती वीजबिलाची पहिली पायरी १०० युनिटांची आहे. त्यावर पाऊल पडले की पुढच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो. ज्या घराचा वापर पाऊणशे युनिटांच्या आसपास आहे, त्याला ही ३६ युनिटे थेट वरच्या पायरीवर नेऊन सोडतात. म्हणजे आईचा प्रश्न भाबडा नव्हता, अर्थशास्त्राचा होता.

याच विजेचा दुसरा हिशेब कोळशाचा. आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते आणि कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. ३६ युनिटांचा कोळसा २२ ते २५ किलो भरतो. आमच्याकडची बाई रानातून डोक्यावर लाकडाची जी मोळी आणते, तिचे वजन साधारण तेवढेच असते. दर महिन्याला अशी एक मोळी कुणीही शिजवून न खाता चुलीत घातली, तर आपण त्या घराला काय म्हणू?

येथे एक मित्र मला अडवतो. तो म्हणतो, "बचतीचा उपदेश नेहमी आपल्यालाच का? तारापूरचे अणुवीज केंद्र आपल्या जिल्ह्यात, १९६९ पासून. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आपल्या जिल्ह्यात, आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना. मध्य वैतरणा धरण आपल्या तालुक्याच्या हद्दीवर २०१४ साली पूर्ण झाले, आणि पाणी मुंबईला. उन्हाळ्यात टँकरची वाट मात्र आपले पाडे पाहतात. तिकडे रात्रभर जाहिरातींचे फलक झगमगतात. एवढ्यात माझा ६० वॉटचा संगणक कुणाच्या डोळ्यांवर येतो?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांच्या घरी वीज उशिरा आली त्यांनी ती कमी वापरावी, असे म्हणण्याचा अधिकार झगमगाटात बसलेल्या कुणालाही नाही. आमच्या पाड्यांना अधिक वीज हवी आहे. दळणाला हवी, पंपाला हवी, मुलांच्या अभ्यासाला हवी, आणि ती हक्काने मागितली पाहिजे. पण मित्राला मी एकच विचारते. रिकामा चालणारा संगणक ती वीज कुणाला देतो? त्या वीस तासांत ना कुणाचा अर्ज भरला जातो, ना कुणाचा धडा वाचला जातो. वापरण्याचा हक्क मागावा, पण हा वापरच नव्हे. विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर आणणारी बाई मुंबईवर रागावली म्हणून तिसरा हंडा अंगणात ओतत नाही.

तथापि हिशेबाच्या बाबतीत प्रामाणिक राहिले पाहिजे. संगणक बंद केल्याने पृथ्वी वाचेल, असा आव आणणे बरे नव्हे. ज्या घरात गीझर आणि वातानुकूलन यंत्र आहे, तेथे ही बचत किरकोळच ठरेल. बिलाच्या मुद्द्यावर आई जिंकली हे खरे, पण तेवढ्यावर मी हा लेख लिहिला नसता. आमच्या भागात यंत्र बंद ठेवण्याचे खरे कारण वेगळे आहे, आणि ते आम्हाला किंमत मोजून कळले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी घरात दादाच्या मताचे राज्य होते आणि संगणक चालूच असे. दिवाळी उलटली होती. आम्ही सगळे खळ्यावर होतो. संध्याकाळी अवकाळी पाऊस आला आणि जवळच कुठेतरी वीज कोसळली. घरी येऊन पाहते तो खोलीत जळका वास, आणि यंत्र मुके. पाड्यावरच्या चार मुलांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे त्यात उतरवून ठेवली होती आणि अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तिघांचे कागद पुन्हा गोळा झाले. ते घेऊन मी जव्हार गाठले आणि त्यांचे अर्ज भरले. चौथीचे आईवडील तोवर वीटभट्टीवर निघून गेले होते, आणि मूळ कागद त्यांच्या गाठोड्यात होते. तिचा अर्ज राहिला. पेनड्राइव्हवर प्रत काढून ठेवली नव्हती, हा दोष माझा. तो मी कुणावर ढकलत नाही. पण समोर कुणी नसताना ते यंत्र तारेला जोडलेले का होते, या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीला देताना मला मान वर करता आली नाही.

विजा आमच्याकडे मुख्यतः मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात होतात. जवळ वीज पडली की तारेतून येणाऱ्या लोंढ्यापुढे बाजारातला साधा 'स्पाइक बस्टर' टिकत नाही, आणि नुसते बटण बंद असून भागत नाही. प्लगच खोबणीतून काढलेला हवा. इंटरनेटची वायर असेल तर तीही. कुणी म्हणेल, मग ढग आले की प्लग काढा, एरवी चालू राहू द्या. पण माणसाचा स्वभाव तसा नाही. जे यंत्र काम संपताच बंद होते, त्याचा प्लग आपोआप निघतो. जे कायम चालू असते, त्याचा प्लग कुणीच काढत नाही, आणि आभाळ खळ्यावर कुणी आहे का हे पाहून गडगडत नाही.

वीज कोसळली नाही तरी वीज जाणे हे आहेच. यंत्र चालू असताना, समोर कुणी नसताना वीज गेली, तर यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटे तग धरते आणि मग यंत्र लिहिता लिहिता धाडकन पडते. डिस्कवरची नोंद अर्धवट राहते, कधी फाइल बिघडते. वीज परत येते तीही कमी-जास्त दाबाने, धक्के देत. या सगळ्यापासून यंत्राला वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्या वेळी ते बंद असणे.

परंतु येथेच आईचीही चूक सांगितली पाहिजे. ती बंद करी ते भिंतीवरचे बटण खटकन दाबून. हे म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातून मध्येच पाटी ओढून घेणे झाले. वीज जाण्याने जे नुकसान होते तेच आईच्या हाताने होत होते, आणि दादाचा राग खरे तर या बटणावरचा होता. संगणकाला आधी 'शटडाउन' सांगावे, त्याने आपला पसारा आवरेपर्यंत थांबावे, आणि मगच भिंतीवरचे बटण बंद करावे. म्हणजे आईचा निर्णय बरोबर, पद्धत चूक. दादाची भीती खरी, पण निष्कर्ष चूक.

मग चहाला उठले तरी बंद करायचे का? नाही. चूल रोज पेटवणाऱ्या घरात याचे उत्तर आधीपासून आहे. स्वयंपाक झाला की आपण विस्तव पाणी ओतून विझवत नाही. निखारा राखेत झाकून ठेवतो आणि पुढच्या वेळी फुंकर घालून जागा करतो. संगणकाची 'स्लीप' अवस्था म्हणजे हा राखेतला निखारा. तीत यंत्र दोन-पाच वॉटांवर राहते आणि क्षणात जागे होते. पण तिला थोडी वीज लागतेच. ती गेली की न साठवलेले काम गेले. म्हणून अर्ध्या-एक तासासाठी ती ठीक. 'हायबरनेट' ही पावसाळा संपल्यावर जमिनीत शिरणाऱ्या बेडकाची रीत आहे. सगळे काम डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण निजते आणि वीज गेली तरी काही बिघडत नाही. रात्री, शेतावर जाताना किंवा गावाला जाताना मात्र पूर्ण बंद, आणि प्लग बाहेर. चालू करताना जास्त वीज लागते हा समजही फसवा आहे. सुरू होण्याच्या एक-दोन मिनिटांत जी जादा वीज लागते, ती पाच-सात मिनिटांच्या रिकामपणात वसूल होते.

दोन अपवाद सांगते. पहिला, यंत्राला खरोखर काम दिले असेल, काही उतरवून घेणे चालू असेल किंवा ते स्वतःला अद्ययावत करीत असेल, तर मध्येच तोडू नये. आजच्या विंडोजमध्ये 'शटडाउन' केल्यावरही आतली काही स्मृती जपून ठेवण्याची सोय असते, म्हणून आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करावे, म्हणजे यंत्र खरोखर नव्याने सुरू होते. दुसरा अपवाद आमच्या पावसाचा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशी धरते. तेव्हा संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवणेही घातक आहे. आभाळ शांत असेल तेव्हा रोज अर्धा-एक तास तो चालवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने ओल निघून जाते. बंद करणे म्हणजे विसरून जाणे नव्हे.

आता आमच्या घरी नवा संगणक नाही, तोच दुरुस्त केलेला आहे. त्याच्या शेजारी खिळ्याला एक पेनड्राइव्ह टांगलेला असतो. त्या मुलीच्या कागदांची प्रत मी त्यात सर्वांत आधी घेतली, आणि पुढच्या वर्षीचा तिचा अर्ज मुदतीच्या कितीतरी आधी गेला. आई आता 'शटडाउन' ओळखते. पडदा काळा होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहते, मग बटण बंद करते, मग प्लग काढते. परवा दादा आला, काम करता करता उठला आणि तसाच अंगणात गेला. आतून आईचा आवाज आला, "निखारा झाकलास का रे?"

दादा मुकाट्याने परत आत आला.